पेटीतलं लेकरू

मौनी कुत्रीने पिल्लाला नाकाने ढकललं ते इतकं सहज, की दारातून बघणाऱ्या बाईला आधी वाटलं, चाटतेय. स्टुडिओचं कुलूप काढून, दिवेसुद्धा न लावता ती थेट सामानाच्या खोलीत आली होती. पर्स, डबा, छत्री, सगळं हातातच. जुन्या पडद्यांच्या ढिगावर मौनी आडवी पसरलेली होती आणि तिच्या पोटाशी पिल्लांची रांग लागलेली होती, चुटूचुटू, एका लयीत. रांगेच्या टोकाला ते एक होतं, बाकीच्यांच्या निम्मं. त्याने मान उचलली, ती डुगडुगली, आणि दुधाऐवजी तोंड गेलं पडद्याच्या घडीत. मौनीने मान वळवली, त्याला एकदा हुंगलं आणि घासातला खडा बाजूला काढावा तसं नाकाच्या शेंड्याने बाजूला काढलं. राग नाही, लोभ नाही. मग डोळे मिटून पुन्हा आडवी झाली. पिल्लू पडद्यावरून घरंगळून गार लादीवर आलं आणि तिथेच राहिलं.

तिने हातातलं सामान खाली टाकलं आणि एक हात पोटाखाली धरून ती हळूहळू गुडघ्यांवर बसली. सातवा महिना होता. हल्ली खाली बसायचं म्हणजे आधी उठायचं कसं याचा विचार करावा लागायचा. पिल्लू हातात घेतलं तर ओल्या मोज्याएवढं वजन आणि ओल्या मोज्याइतकंच गार. त्याने तोंड उघडलं. गुलाबी, रुंद, अगदी किंचाळायच्या बेतातलं तोंड. आवाज आला नाही. नुसतं उघडलं आणि मिटलं. तिने त्याला रांगेच्या मधोमध घुसवलं. तिथे एक जाडजूड काळं पिल्लू होतं, त्याला जरा सरकवलं, तर त्याने अशी बोंब ठोकली की मौनी ताडकन उठून बसली आणि त्याला आधी वरून खालपर्यंत चाटून काढलं. आणि चाटता चाटता, वाटेत आलं म्हणून, त्या लहानग्याला पुन्हा बाहेर. तिने पुन्हा ठेवलं. मौनीने पुन्हा सारलं. मौनीच्या डोळ्यांकडे ती बघत राहिली. तिथे काहीच नव्हतं. दुष्टपणा असता तर एक वेळ बरं वाटलं असतं, दुष्टपणाशी भांडता तरी येतं. इथे नुसती शांतता होती, आणि ती शांतता तिच्या ओळखीची होती. गेला महिनाभर ती हीच शांतता स्वतःच्या आत घेऊन हिंडत होती आणि कुणाला सांगत नव्हती.

हा स्टुडिओ गाण्याबिण्याचा नव्हे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी इथे पुस्तकं वाचून मुद्रित करतात. काचेच्या पलीकडे वाचणारा, काचेच्या अलीकडे ती, कानांवर हेडफोन. वाचणाऱ्याची खुर्ची करकरली की ती म्हणायची, 'कट.' बाही टेबलाला घासली, कट. पोटात कावळे ओरडले तरी तिला आधी कळायचं आणि ज्याचं पोट त्याला मागाहून. तानसेन नाही तर नाही, आमची बाई कानसेन आहे, असं सगळे म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. मौनीला इथे थारा मिळाला तोही याच हिशेबाने. फाटकातून एकदा आत आली ती गेलीच नाही; पण भुंकत नव्हती. भुंकली असती तर त्याच दिवशी बाहेर. आवाज करणाऱ्याला या घरात जागा नव्हती. आणि आता याच घरात, पडद्यांच्या ढिगावर, उलटा कायदा चालू होता. जो ओरडेल त्याला दूध. जो गप्प, तो लादीवर.

डॉक्टरीणबाई मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या, "बाळ थोडं लहान आहे. घाबरायचं कारण नाही, लक्ष ठेवू या." वाक्य साधंच होतं. पण 'थोडं'च्या आधी त्या थांबल्या होत्या. आयुष्यभर माणसांच्या बोलण्यातल्या फटी बुजवण्यात गेलेल्या बाईला ती फट ऐकू आली नाही असं होणं शक्यच नव्हतं. नवऱ्याला आली नाही, तो बाहेर पडताना जिन्यावरच म्हणाला, "लहान तर लहान, आपल्या घरात उंच कोण आहे?" त्याच तपासणीत त्यांना बाळाचे ठोके ऐकवले होते. नवऱ्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो तिचा हात धरून म्हणाला, "ऐकलंस?" तिने ऐकलं होतं. आणि तिच्या मनात पहिला विचार आला होता तो असा, की मागे गुणगुण येतेय, यांचं अर्थिंग नीट नाही. मग तिने वाट बघितली. आता भरून येईल, मग भरून येईल. घरी पोचेपर्यंत आलं नाही. पातेल्यावर झाकण ठेवून दूध कधी वर येतंय म्हणून उभं राहावं आणि खाली गॅसच पेटवलेला नसावा, असं काहीतरी झालं होतं.

तशी शंका जुनीच होती. बाळ दिसलं की बायकांचा आवाज एक पट्टी वर जातो, हे तिने कधीच टिपून ठेवलं होतं. नणंदेचा जातो. शेजारच्या कडक मुख्याध्यापिकेचा जातो, त्यांचा तर असा जातो की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. 'कोण आलं, कोण आलं, कुण्णी मारलं माझ्या बाळाला?' कुणी शिकवत नाही, ठरवून होत नाही, घशात कुठेतरी कळ असते ती दाबली जाते. वहिनीला मुलगी झाली तेव्हा वहिनीने ते मऊ गाठोडं तिच्या मांडीवर दिलं, सगळं घर कौतुकाने बघायला लागलं, आणि त्या इवल्याशा लालबुंद तोंडाकडे बघून तिच्या तोंडातून जे निघालं ते असं: "नमस्कार." घर हसून हसून लोळलं. दादा अजून प्रत्येक समारंभात ती गोष्ट सांगतो. तीही हसते. पण ती हसते तेव्हा तिला माहीत असतं, की ती चेष्टा नव्हती. त्या वेळी दुसरं काही आलंच नव्हतं. आणि ते पोर तर धट्टंकट्टं होतं, सुईण म्हणाली होती पैलवान आहे. इथे येणारं लहान असणार होतं. कदाचित गप्पही असणार होतं. आणि आपण त्याच्याकडे अशाच, मौनीसारख्या, शांत डोळ्यांनी बघितलं तर?

वायरमन आला तोपर्यंत ती तिथेच बसलेली होती. हा स्टुडिओतल्या तारा, दिवे, पंखे, सगळं बघायचा आणि बोलणं कधी संपवायचा नाही. "ताई, लादीवर काय बसलाय! उठा, उठा, नाहीतर तुमचे साहेब मला धरतील." मग त्याने पिल्लू पाहिलं आणि तोही उकिडवा बसला. पाठोपाठ वाचकआजोबा आले. त्यांचा आवाज असा, की नुसतं 'दार लावा' म्हणाले तरी काहीतरी गंभीर घडल्यासारखं वाटायचं. त्यांनी गळ्यातला मफलर काढून दिला. गुरांच्या डॉक्टरांना फोन झाला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजून झालं. तेवढ्यापुरतं पिल्लू हलायचं. मग मौनीजवळ ठेवलं की पुन्हा तेच, नाकाचा शेंडा आणि लादी. आजोबांनी त्याचं नाव शेंडेफळ ठेवलं. काळ्या जाड्याचं नाव आपोआपच भोंगा पडलं होतं.

"मला काय वाटतं सांगू?" वायरमन म्हणाला. "हे पोर मुकं आहे. बाकीचे कोकलतात, हे कोकलत नाही. आईला कळायचं कसं की हे आहे म्हणून?"

"मग आपण त्याला आवाज देऊ," ती म्हणाली.

बोलून गेली आणि मग तिलाच वाटलं, हे काय आपण बोललो. पण दोघांनी माना डोलावल्या, जणू यापेक्षा शहाणपणाचं काही असूच शकत नाही. दुसऱ्या कुठल्या घरात कुणाच्या डोक्यात हे आलं नसतं. पण जन्मभर आवाजाच्या धंद्यात काढलेली तीन माणसं, त्यांना रोग काय दिसणार आणि औषध काय सुचणार! आजोबा वयाने मोठे, त्यांनी तरी आवरायचं. तर तेच सर्वांत आधी उठले आणि भोंग्याला उचलायला गेले. वायरमनने सामानाच्या खोलीत माइक लावला, तार ओढत तिच्या खोलीपर्यंत नेली. आजोबांनी भोंग्याला आईपासून वीतभर लांब धरलं, आणि भोंग्याने जे तोंड सोडलं ते हेडफोनमध्ये ऐकून तिने दोन्ही हातांनी कान झाकले, वरून.

"बाई, हा पुढे पुढारी होणार," आजोबा माइकमधून म्हणाले. "माझ्या पोटी असता तर शाळेत न घालता थेट सभेला पाठवला असता."

भोंग्याचा आवाज जसाच्या तसा चालला नसता. तिने तो पातळ केला, जरा वर चढवला, त्याचा दम काढून घेतला. शेंडेफळ ओरडलं असतं तर कसं ओरडलं असतं? आधी श्वास अडकला असता. मग बारीक, शेवटाला चिरकलेलं. मग पुन्हा श्वास. ती एकेक तुकडा जुळवत होती आणि बघता बघता आत एक सवयीचा आनंद उगवत होता, काम नीट उतरत असताना होतो तो. मध्येच तिच्या लक्षात आलं, की ती ओठ मिटून स्वतःच तो आवाज काढून बघतेय, घशातल्या घशात, अगदी हळू. लगेच गप्प झाली. काचेपलीकडे कुणी नव्हतं, तरी.

स्पीकरची पेटी जुनी होती. लाकडी, पुढे जाळीचं कापड ताणलेलं, पोटात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. दोन माणसांनी उचलावी तेव्हा उचलली जायची. आता ती कुणी वापरत नव्हतं, पण सामानाच्या खोलीत तीच हाताशी होती. वायरमनने ती समोरच्या भिंतीशी लावली, शेंडेफळाला मफलरमध्ये गुंडाळून जाळीच्या पुढे ठेवलं आणि बटण दाबलं. पेटी रडायला लागली. मौनीचे कान उभे राहिले. ती उठली, अंगावरची पिल्लं टपाटप गळली, आणि ती सरळ खोली ओलांडून आली. दाराशी तिघंही श्वास धरून उभी होती. मौनीने शेंडेफळाला हुंगलं. मग जाळीचं कापड हुंगलं. मग कापड चाटायला लागली. चाटता चाटता पायात काहीतरी येत होतं, तर त्या मफलरच्या गाठोड्याला तिने नाकाने सारून पेटीच्या कडेला लावलं आणि पुन्हा मन लावून कापड चाटायला लागली.

वायरमनला हसू आवरेना. त्याने तोंडात रुमाल कोंबला. मौनी पेटीभोवती फिरली, मागे गेली, वर चढून पाहिलं, पंजाने लाकूड खरवडलं. आत लेकरू आहे आणि बाहेर येत नाही, एवढं तिला समजलं होतं. एक दात पेटीच्या कोपऱ्याला लावून तिने ओढूनही पाहिलं. पेटी कसली हलतेय. मग ती थांबली. उभी राहून विचार केल्यासारखी थांबली, वळली, ढिगाशी गेली, भोंग्याला मानेला धरून उचललं आणि आणून पेटीशी ठेवलं. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. आजोबांनी चष्मा काढला. सगळी पिल्लं अशी वाहून आणून तिने पेटीपुढे मांडली, स्वतः त्यांच्याभोवती वेटोळं करून पडली आणि पाठ टेकवली त्या रडणाऱ्या कापडाला. लेकरू पेटीतून निघेना, म्हणून तिने घरच पेटीपाशी आणलं होतं.

तीही हसत होती. पोट हलेपर्यंत हसत होती, भिंतीचा आधार घेऊन. आणि हसता हसता बघत होती, की वाहून आणताना मौनी त्या मफलरवरून चार-पाच वेळा गेली, पाय न लावता, अगदी सांभाळून, उंबरठा ओलांडावा तशी, आणि एकदाही खाली वाकली नाही. न जन्मलेल्या आवाजासाठी बिऱ्हाड हलवणारी हीच, आणि पायाशी पडलेल्याला न ओळखणारीही हीच. हसू आणि रडू यांतलं काय बाहेर येतंय ते तिला कळेना. "आवाज बंद करा," ती वायरमनला म्हणाली. "तिला फसवल्यासारखं वाटतंय." त्याने आवाजाचं बटण शून्यावर आणलं. पेटी गप्प झाली. मौनीने एकदा मान उचलून कापडाकडे पाहिलं आणि तिथेच, पाठ न हलवता, वाट बघत पडून राहिली.

दुपारी डबा खाताना तिने आईला फोन लावला. कुत्रीचं सगळं सांगितलं. आई पलीकडे हसून दमली. मग ती म्हणाली, "आई, मी झाले तेव्हा तुला काय वाटलं गं?"

"काय वाटायचंय? झोप आली."

"नाही, मला बघून."

"अगं बघून म्हणजे, तू होतीस केवढी! रडलीसही नाहीस मेली, नर्सने पाठीत धपाटे घातले तेव्हा कुठे कुरकुरलीस. मला आणून दाखवली. मी म्हटलं, ही कोण?"

"म्हणजे माया वगैरे काही..."

"माया काय नळाला पाणी येतं तशी येते होय, तोटी फिरवली की धो धो? तुझी आत्या कोपऱ्यात बसून गळा काढत होती आनंदाने, आणि मी हिशेब करत होते की आता मला कुणी चहा देईल का." भांडं ठेवल्याचा आवाज आला. "मग एक दिवस तुला उचकी लागली. थांबेचना. एवढासा जीव, प्रत्येक उचकीला सगळा उडत होता. आणि तुझा चेहरा असा, की हे काय चाललंय माझं, कुणी काही करेल का. मी जी उठले, ती आजपर्यंत बसलेली नाही. कळलं? जेवलीस का नीट?"

तिने 'हो' म्हटलं. डबा अर्धाच झाला होता. उचकी. तिने आजवर वाचणाऱ्यांच्या शेकडो उचक्या कापून टाकल्या होत्या. आईने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि आता सांगितलं तेही वाण्याकडे काय काय आणलं ते सांगावं तसं. तिला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच जड. आईला उचकी ऐकू आली म्हणून आई उठली. पण उचकी लागायला तरी हवी. एखाद्याने हाकच मारली नाही तर? आणि मारली, आणि आपल्याला त्यात फक्त गुणगुण ऐकू आली तर? उरलेला डबा तिने कुणासाठी नाही तरी डॉक्टरीणबाईंसाठी म्हणून संपवला.

दुपारनंतर आजोबांचं राहिलेलं प्रकरण घ्यायचं होतं. पुस्तक एका दर्यावर्दी माणसाचं होतं. तो आता कुठल्याशा बेटावर एकटाच उतरला होता. लाल दिवा लागला, दार बंद झालं, खोलीत ती शांतता भरली, जी तिला कुठल्याही गाण्यापेक्षा प्रिय होती. त्या दिवशी तिच्या हातून दोन चुका झाल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत अशी एकही झाली नव्हती. पेटीचा आवाज शून्यावर आणला होता, पण पेटी बंद केलीच नव्हती. आतले व्हॉल्व्ह दुपारभर जळत होते आणि लाकडाची ती कड इस्त्रीच्या बैठकीसारखी निवांत तापत होती. आणि सामानाच्या खोलीतल्या माइकचं बटण तिच्या टेबलावर चालूच राहिलं होतं, म्हणजे तिथलाही आवाज मुद्रित होत होता. दोन्ही गोष्टी तिला समोर दिसायला हव्या होत्या. पण ती कानांची बाई. डोळ्यांचं तिचं जरा कच्चंच होतं.

आजोबा वाचत होते. आवाज आज छान लागला होता, थोडा घरघरीत, समुद्राला शोभेलसा. "त्याने होडी वाळूवर ओढली आणि चहूकडे नजर टाकली. बेटावर माणूसच काय, चिटपाखरूसुद्धा..."

श्वास अडकला. मग बारीक, शेवटाला चिरकलेलं. मग पुन्हा श्वास.

यापुढचं तिला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की हा भोंगा नव्हे, हे तिला कळलं. तिने सकाळी जुळवलेला आवाज नव्हे, हेही कळलं. तिचं काम सफाईदार होतं आणि हे फार वाईट, फार ओबडधोबड, मध्येच फाटलेलं होतं, आणि त्यात गुणगुण, खरखर सगळं होतं, आणि ते सगळं कानांवर पडलं तरी तिला ऐकू आलं ते नुसतं रडणं. एवढं आठवतं, की हेडफोनची तार ताणली जाऊन टेबलावरचं काहीतरी पडलं. पुढची आठवण थेट सामानाच्या खोलीतली. ती लादीवर बसलेली आहे, कशी बसली देव जाणे. मफलर सुटलाय. शेंडेफळ पेटीच्या तापलेल्या कडेला चिकटून, पोट लाकडाला लावून, मान वर करून जिवाच्या आकांताने ओरडतंय. आणि मौनी उठून उभी आहे.

मौनीने आधी जाळीच्या कापडाकडे पाहिलं. मग पिल्लाकडे. मग पुन्हा कापडाकडे. सकाळपासून ज्याची वाट बघितली ते लेकरू आतून रडत होतं, आता बाहेरून रडतंय. तिने वाकून त्याला हुंगलं, पाठ, पोट, कान. ऊबदार, ओरडणारं, लाकडाच्या वासाचं. आणि मग तिने अशी काही जीभ लावली की शेंडेफळ उताणं पडलं, सुलटं झालं, पुन्हा उताणं पडलं. तिच्या हिशेबाने ते शेवटी पेटीतून बाहेर आलं होतं. उशिरा झालं, पण झालं. तिने त्याला मानेला धरलं, रांगेच्या मधोमध नेलं, आणि भोंगा मध्ये आला तर भोंग्याला नाकाच्या शेंड्याने बाजूला काढलं. भोंग्याने बोंब मारली. कुणी लक्ष दिलं नाही. शेंडेफळाने तोंड उघडलं, एकदा चुकलं, दुसऱ्यांदा लागलं.

गार होतं म्हणून ती ओळखत नव्हती, की गप्प होतं म्हणून, की पेटीतून आलं म्हणून आता ओळखतेय? वायरमन धावत आला होता, त्याचं मत होतं की सगळं पेटीचं श्रेय, आणि पेटी त्याने लावली होती. आजोबा लाल दिव्याखालून बाहेर आले तेव्हा हातात पुस्तक तसंच होतं आणि पानात बोट. "बाई, चिटपाखरूसुद्धा नव्हतं म्हणायच्या आत तुम्ही अदृश्य झालात. मी घाबरलो. म्हटलं, दिवस भरले की काय." ती खालून त्यांच्याकडे बघून हसत होती, डोळे पुसत होती, नाक पुसत होती. उठायचा प्रयत्न केला तर जमेना. मग एका बाजूने आजोबा, एका बाजूने वायरमन, असं करून तिला उभी केली. वायरमन म्हणाला, "पेटी उचलताना दमलो नव्हतो एवढे आता दमलो."

संध्याकाळी आजोबा आणि वायरमन पुढच्या खोलीत मौनीला दूध द्यावं की बिस्किटं यावरून वाद घालत होते, तेव्हा तिने काम आवरायला घेतलं. आजोबांचा माइक वेगळ्या पट्टीवर, म्हणजे वेगळ्या ट्रॅकवर होता, तो स्वच्छ होता, नुसतं ते वाक्य पुन्हा घ्यावं लागणार होतं. दुसरी पट्टी सामानाच्या खोलीची. ती पुसून टाकायची. पुसायच्या आधी ऐकायचं, हा तिचा नियम. तिने हेडफोन चढवला. आवाज पुरता चढवला तेव्हा कुठे पिल्लांचं बारीक चुटूचुटू ऐकू आलं. बराच वेळ तेच. मग तो श्वास, आणि तो आवाज. लगेच दूर कुठेतरी काहीतरी पडलं. मग पावलं. जड, फताडी, भराभर येणारी पावलं. कुणीतरी बाई, चपला न घालता, स्वतःच्या वजनाची फिकीर न करता पळत येतेय. दाराची कडी खाडकन. आणि मग तो आवाज.

"आले, आले, आले गं माझे बाई, आले हं, कुण्णी ठेवलं माझ्या बाळाला असं, आले, आले..."

तिला वाटलं, हिची इथे काय गरज? कोण ही? आज तर स्टुडिओत दुसरी बाई नव्हती. तिने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. आवाज वर चढलेला, फुटलेला, शेजारच्या मुख्याध्यापिकेलाही लाज वाटावी असा. असा आवाज कुणी माइकसमोर काढला असता तर तिने पहिल्याच शब्दाला कट म्हटलं असतं. तिने तिसऱ्यांदा ऐकला. 'आले हं' मधला हं ओळखला. हा हं तिचाच. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज ऐकले. स्वतःचा असा कधी ऐकला नव्हता, आणि तिच्या तोंडून निघताना तिने तो ऐकलाच नव्हता, कारण ऐकायला ती तिथे कुठे होती? ती धावत होती.

"बाई," काचेपलीकडून आजोबा म्हणाले, "चिटपाखरू आजच घ्यायचं की उद्या?"

"उद्या," ती म्हणाली. ती पट्टी तिने पुसली नाही. पुस्तकापासून वेगळी काढून ठेवली. मग मान खाली घालून तिने पोटाच्या त्या उंचवट्याकडे पाहिलं. थोडं लहान, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. थोडं गप्पही असेल. असू दे. तिने घसा साफ केला, उगीच आजूबाजूला पाहिलं, आणि म्हणाली, "नमस्कार."

आवाज एक पट्टी वर गेला होता.